नाताळची करंडी

सण आणि ताट हीं दोन आपल्याकडे कधीं एकमेकांपासून वेगळीं काढतां आलीं नाहींत. दिवाळीच्या फराळाचें ताट रुमालाखालीं झांकून शेजारीं गेल्यावांचून दिवाळी पार पडली असें आमच्या लहानपणीं वडील मंडळींस वाटत नसे. आणि ताट पोंचविणाऱ्या मुलास शेजारघरचा एखादा लाडू हटकून मिळत असल्यामुळें ह्या कामास घरांत स्वयंसेवकांची कधीं वाण पडत नसे. ही देवघेव केवळ आपल्याच समाजांत आहे असें मात्र कोणीं समजूं नये. गोमंतकांत नाताळच्या सुमारास ख्रिस्ती घरांतून आप्तेष्टांकडे व शेजाऱ्यांकडे, त्यांत हिंदु शेजारीहि आलेच, गोडाधोडाचीं ताटें जातात. तिकडे त्यास ‘कोंसुआद’ म्हणतात. त्या ताटांतील नेवरी म्हणजे आपली करंजीच होय. दोदोल हा तांदळाचें पीठ, गूळ व नारळाचें दूध ह्यांचा आटवून केलेला पदार्थ. आणि शंखासारखीं वळलेलीं जीं कुलकुलें, तीं आपल्या शंकरपाळ्यांचीं मावसभावंडें शोभावींत अशीं. ज्या घरांत त्या वर्षीं मृत्यु घडलेला असतो तेथें गोडधोड करीत नाहींत, म्हणून त्या घरीं शेजारचें ताट आवर्जून जातें. आपल्याकडे दुखवट्याच्या घरीं दिवाळींत हेंच घडतें, हें वाचकभगिनींस सांगावयास नको.

‘नाताळ’ हा शब्दहि आपल्यास पोर्तुगीज भाषेनें दिला. शब्द घेतांना आपण संकोच केला नाहीं. सण प्रत्यक्ष शेजारीं येऊन उभा राहिला म्हणजे मात्र त्या घरीं काय पाठवावें ह्या प्रश्नापाशीं पुष्कळांची मति कुंठित होते. त्या प्रश्नाचाच, आणि तोहि थोडक्या खर्चाच्या मर्यादेंत राहून, येथें विचार करावयाचा आहे.

आमचें वास्तव्य चंद्रपुरांत. जुन्या माणसांच्या तोंडीं अजून ‘चांदा’च आहे. १९८२ सालीं ह्या जिल्ह्याचा पूर्वेकडील अरण्यप्रदेश वेगळा काढून गडचिरोली जिल्हा करण्यांत आला. परंतु वैनगंगेच्या ह्या तीराचें लांकूडफाटें, धान, मध आणि सोयरिकी त्या तीराशीं पूर्वींइतक्याच जडलेल्या आहेत. येथील ख्रिस्ती समाज संख्येनें फार मोठा नाहीं, पण कालचा आलेलाहि नाहीं. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चच्या मिशनऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चांद्यास आपलें काम सुरू केलें. पुढें कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागदाचा कारखाना, दुर्गापुराकडील वीजकेंद्र, भद्रावतीचा आयुधनिर्माण कारखाना ह्यांच्या निमित्तानें देशाच्या चारी कोपऱ्यांतून माणसें येथें येऊन राहिलीं, आणि त्यांत दक्षिणेकडील ख्रिस्ती कुटुंबेंहि आलीं. त्यामुळें ज्या आळींत पूर्वीं दिवाळीचा एकच आकाशकंदील लागे, तेथें आतां डिसेंबरांत एखाद्या ओसरीवर कागदी तारा लागलेला दिसतो.

डिसेंबर लागला कीं बाजारांत तयार भेटींच्या पेट्या मांडल्या जातात. दुकानदार त्यांस ‘हँपर’ म्हणतो. चकचकीत पारदर्शक वेष्टन, सॅटिनची फीत, आंत परदेशी नांवांचीं चॉकोलेटें, बिस्किटांचा पुडा, एखादी सुवासिक मेणबत्ती, आणि मधली पोकळी भरून काढण्यासाठीं रंगीत कागदाचा भुसा. भुसा काढून ठेवला तर पेटी निम्मी रिकामी होते. किंमत मात्र भुशासकट लावलेली असते. आमच्या ओळखीच्या एका तरुण गृहस्थानें कचेरींतील चौघां सहकाऱ्यांस अशा पेट्या देण्यासाठीं पगारावर उचल घेतल्याचें आम्हांस ठाऊक आहे. भेट दिल्यानंतर दोन महिने तिचे हप्ते फेडीत बसावयाचें, ही देण्याची रीत आमच्या तरी बुद्धीस पटत नाहीं.

गंमत अशी कीं इंग्रजींतील ‘हँपर’ हा शब्द मूळचा पेले ठेवण्याच्या पेटाऱ्याचा. आपल्याकडे त्या अर्थाजवळचे शब्द विपुल आहेत: दुरडी, परडी, टोपली, करंडी. ह्यांपैकीं करंडी हा शब्द आम्हांस विशेष प्रिय आहे, कारण संस्कृतांतील ‘करंड’ म्हणजे वेळूची पेटी तो आपल्या कुळासह अजून मिरवितो, आणि आंब्याच्या करंडीमुळें तो उच्चारतांच तोंडास पाणीहि सुटतें. म्हणून ह्या लेखापुरतें आम्ही हँपर टाकून करंडीच घेतों.

आतां आमच्या घरीं हा प्रश्न कसा उत्पन्न झाला तें सांगणें अवश्य आहे. तीन वर्षांपूर्वीं आमच्या कुटुंबास फुप्फुसाचा दाह होऊन बरेच दिवस अंथरूण धरावें लागलें. रुग्णालयांतून घरीं आणल्यावरहि सुयांचा क्रम चालू ठेवणें भाग होतें. आमच्या भिंतीस भिंत लागून एक परिचारिकाबाई आपल्या वृद्ध आईसह राहतात. सारी आळी त्यांना सिस्टर म्हणते. रात्रपाळी करून आल्यावर, स्वतःच्या घरचें कुलूप काढण्यापूर्वीं, त्या अकरा दिवस प्रत्यहीं सकाळीं आमच्याकडे येऊन सुई देऊन जात. पैशाचें नांव त्यांनीं काढूं दिलें नाहीं. त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं त्या एक केक घेऊन आल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, “मास्तर, ह्यांत अंडें नाहीं. भांडेंहि नवें घेतलें आहे.” आमच्या घरांत पंचाऐंशी वर्षांच्या एक आत्याबाई आहेत. त्यांचें सोंवळें आयुष्यभर कडक. त्यांनीं क्षणभर केकाकडे, क्षणभर सिस्टरबाईंच्या जागरणानें सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलें आणि “आंत ये, उंबऱ्यावर कोणी देतें का!” असें म्हणून तुकडा स्वतःच्या हातानें घेतला. त्या तुकड्यानें आमच्या घरांतील पुष्कळसे वाद, जे आम्हांस शास्त्राधारानें चाळीस वर्षांत मिटवितां आले नव्हते, ते एका सकाळींत मिटले.

गीतेच्या सतराव्या अध्यायांत, ज्याच्याकडून परत कांहीं मिळावयाचें नाहीं अशास दिलेलें तें सात्त्विक दान, असें सांगितलें आहे. त्या कसोटीस शेजाऱ्याकडे पाठविलेलें ताट उतरत नाहीं, कारण तेथून ताट परत येणार हें दोघांसहि ठाऊक असतें. परंतु तें दानच नव्हे. अकरा सकाळींचें ऋण आहे. तें फिटावयाचें नाहीं आणि तें फेडण्याचा आव आणणें हाच मुळीं उद्दामपणा होईल. करावयाचें तें इतकेंच, कीं त्यांच्या सणास आमच्या घरांतून कांहीं तरी जावें, त्यांत आमच्या हातांचे श्रम असावेत, आणि तें पाहून परत काय पाठवावें ह्याचा भार त्या माउलीवर पडूं नये. महागडी पेटी हा भार नेमका टाकते. म्हणून आम्हीं एका करंडीस २५० रुपये ही मर्यादा घातली, आणि सिस्टरबाईंचें घर धरून सहा घरांसाठीं १,५०० रुपये बाजूस काढले. निवृत्त शिक्षकाच्या घरांत त्याहून अधिक काढतां येत नाहींत, आणि लागतहि नाहींत.

प्रथम करंडीच. दुकानांतील पेटी फेंकून दिली जाते, वेळूची करंडी पुढें कांदेलसूण ठेवण्यास वर्षानुवर्षें उपयोगी पडते. बुरूडाकडे जाऊन आपल्यास हव्या त्या मापाची, झांकण असलेली सांगावी; वीतभर रुंद व तितकीच उंच पुरते. कामट्या गुळगुळीत तासलेल्या असाव्यात, नाहीं तर कापडाचे धागे ओढले जातात. महत्त्वाचें असें कीं ही मागणी डिसेंबरच्या आरंभींच करावी. ओल्या वेळूची करंडी लगेच भरली तर आंत बुरशी धरते. चारपांच दिवस कडक उन्हांत ठेवली म्हणजे ती भीति राहत नाहीं. आणि बुरूडाशीं भाव करूं नये. ज्या मोटारींत बसून आपण जातों तिच्या तेलास घासाघीस करीत नाहीं, आणि दिवसभर उकिडवें बसून बोटें चिरून घेणाऱ्या कारागिराशीं दहा रुपयांसाठीं हुज्जत घालतों, हें पाहून आम्हांस नेहमीं विषाद वाटतो.

वेळूचा विषय निघालाच आहे तर चार शब्द अधिक. ह्या प्रदेशांत वेळूचीं रानें अफाट, पण रानाशेजारच्या माणसास तो विकण्याचा अधिकार पुष्कळ काळ नव्हता. १९२७ च्या वनकायद्यानें वेळूची गणना वृक्षांत केली होती. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभांस सामूहिक हक्क मिळण्याची वाट झाली. गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांतलें मेंढा हें गोंडांचें लहानसें गांव. लेखा ह्या शेजारच्या गांवासह तें ‘मेंढा-लेखा’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यानें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावरील असा हक्क मिळविला, आणि २०११ सालीं स्वतःच्या वाहतूकपरवान्यावर आपला वेळू बाहेर विकला. पुढें २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन वनाबाहेर उगवलेला वेळू वृक्षांच्या व्याख्येंतून निघाला. चंद्रपुराजवळ चिचपल्ली येथें वेळूच्या कामाचें संशोधन व शिक्षण देणारें सरकारी केंद्रहि २०१४ पासून आहे. तेथील वस्तु सुबक असतात, परंतु आपल्या कामास बाजारांतील साधी करंडी पुरे.

आंत काय घालावें? आमचा नियम असा कीं जें ह्या दोन जिल्ह्यांत पिकतें किंवा रानांत मिळतें तें आधीं घ्यावें. चॉकोलेट कोठेंहि मिळतें.

सर्वांत पहिला मान तांदळाचा. नाताळच्या वेळीं नवें धान घरीं आलेलें असतें. आम्ही अर्धा किलो एचएमटी तांदूळ पांढऱ्या मांजरपाटाच्या पिशवींत भरून घालतों. भेटींत तांदूळ पाहून एखाद्या शहरी पाहुण्यास हंसूं येईल. त्यानें ह्या तांदळाची हकीकत ऐकावी. नागभीड तालुक्यांतील नांदेड ह्या खेड्यांतले दादाजी खोब्रागडे हे तिसरीपर्यंत शिकलेले अल्पभूधारक शेतकरी. १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ ह्या जातीच्या धानांत त्यांस कांहीं लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. त्या त्यांनीं वेगळ्या काढल्या, निरनिराळ्या लावल्या, आणि कित्येक हंगाम निवड करीत करीत हें बारीक, सुवासिक, भरपूर उतारा देणारें वाण सिद्ध केलें. त्या काळीं एचएमटीचें मनगटी घड्याळ लोकप्रिय होतें, त्यावरून व्यापाऱ्यानें त्यास हें नांव दिलें. पुढें तो तांदूळ अनेक प्रांतांत पसरला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननें दादाजींचा गौरव केला. २०१८ सालीं ते निवर्तले. जन्मभर मुलांस ‘निरीक्षण करा, निरीक्षण करा’ असें सांगून दमलेल्या शिक्षकास ह्या मनुष्यापुढें नमस्कारावांचून दुसरें कांहीं सुचत नाहीं. पिशवीबरोबर चार ओळींत ही हकीकत लिहून घालावी. परगांवीं जाणाऱ्या करंडीस तिनें विशेष शोभा येते.

दुसरा पदार्थ मोहाचे लाडू. मोहाचें नांव घेतांच सभ्य गृहस्थ इकडेतिकडे पाहूं लागतो, इतकी ह्या झाडाची कीर्ति एकाच अर्थानें पसरली आहे. वस्तुतः संस्कृत वाङ्मयांत मधूक हें मंगल फूल होय. ‘कुमारसंभवां’त पार्वतीच्या केशपाशाभोंवतीं लग्नाच्या वेळीं सख्या दूर्वांत गुंफलेली मधूकमाला बांधतात, आणि ‘रघुवंशां’तील इंदुमतीच्या गळ्यांतहि स्वयंवरसमयीं तीच माला आहे. आमच्या रानांतील गोंड माणसास हें काव्य ठाऊक नसेल, पण झाडाची योग्यता कालिदासाइतकीच ठाऊक आहे. फाल्गुन-चैत्रांत पहांटे फुलें टपटप गळतात, घरचीं बायकामुलें तीं वेंचतात, अंगणांत वाळवितात आणि वर्षभर पुरवितात. सुकल्या फुलाच्या वजनाचा मोठा भाग साखरच असतो. तेथें ओल शिरली कीं तें आंबूं लागतें, आणि मग त्याची ती दुसरी कीर्ति सुरू होते. कोरडें ठेवलें तर तें मनुक्यासारखें सात्त्विक आहे. ह्या फुलांच्या संकलनावर व वाहतुकीवर असलेले निर्बंध महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं उठविल्यामुळें आतां तीं उघडपणें मिळूं लागलीं आहेत.

लाडवांची कृति अशी. पाव किलो सुकीं फुलें घेऊन त्यांतील केसर व खडे निवडावेत. हें काम चष्मा लावून, उजेडांत, आणि शक्य तर गप्पा मारणाऱ्या सोबत्यासह करावें. नंतर फुलें कोमट पाण्यांत दोनदां झटपट धुवून फडक्यावर उन्हांत कोरडीं करावींत. मंद आंचेवर चमचाभर तुपांत परतावींत. तांबूस होऊन खुटखुटीत झालीं पाहिजेत. निराळे भाजलेले अर्धपाव तीळ व तितकेच भाजलेले शेंगदाणे त्यांत मिळवून खलबत्त्यांत कुटावें. फुलांच्या अंगच्या गोडीनेंच तें मिश्रण चिकट होऊं लागतें. तरी बांधणी साधण्यापुरता शंभर ग्रॅम गूळ घालावा. सुपारीएवढे छत्तीस लाडू होतात, म्हणजे एका करंडीस सहा. प्रत्येक लाडवावर दोन दाणे चारोळी दाबावी. चारोळी महाग खरी, पण दोन दाण्यांनीं कोणी भिकारी होत नाहीं. आणि चारोळी म्हणजे प्रियाल, ज्याच्या मोहोराचा पराग डोळ्यांत जाऊन ‘कुमारसंभवां’तले हरिण आंधळ्यासारखे धांवतात, तोच वृक्ष. वैशाखाच्या उन्हांत चाराचीं फळें वेंचून, त्यांच्या कठीण बिया फोडून हा मगज काढावा लागतो. तें काम एकवार पाहिलें कीं चारोळीची किंमत जास्त वाटेनाशी होते.

आवळकाठीविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण ती बहुतेक घरांतून होतेच. डिसेंबरांत आवळे भरपूर व स्वस्त असतात. एक किलो आवळे दहा मिनिटें वाफवावेत, पाकळ्या सोडवाव्यात, पाऊण किलो साखरेंत तीन दिवस झांकून ठेवून रोज एकदां हलवावें, मग निथळून आमच्याकडील कोरड्या उन्हांत दोनतीन दिवस वाळवावें. निथळलेला पाक टाकूं नये; तो सरबतास उत्तम. पोहऱ्यांत दोर आणि दोरांत पोहरा, तसा एकांतून दुसरा पदार्थ निघाला म्हणजे गृहिणीस जें समाधान होतें तें पगारवाढीनें होत नाहीं.

सणाची ओळख म्हणून एक पदार्थ त्यांच्याकडचा असावा, एवढ्यासाठीं आम्ही कुलकुलें करतों. दोन वाट्या मैदा, पाव वाटी बारीक रवा, पाव वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ, दोन चमचे तुपाचें कडकडीत मोहन, आणि नारळाच्या दुधांत घट्ट भिजवावें; अंड्याचें कारण नाहीं. अर्धा तास झांकून ठेवावें. बोराएवढी गोळी घेऊन नव्या, स्वच्छ कंगव्याच्या दातांवर अंगठ्यानें दाबून पसरावी आणि कडेपासून गुंडाळीत आणावी, म्हणजे वर रेघा उमटून शंख होतो. मंद आंचेवर तळावीं. कंगवा म्हणतांच आत्याबाईंनीं कपाळास हात लावला होता. तेव्हांपासून आमच्याकडे काट्याच्या चमच्याची पाठ वापरतात, आणि रेघा तशाच उमटतात.

इतक्या गोडानंतर जिभेस तिखट हवें, म्हणून जवसाची चटणी. भाजलेलें जवस, सुक्या मिरच्या, जिरें, मीठ. चालत असल्यास लसूण घालावा. जवस कुटल्यावर फार दिवस ठेवूं नये, त्यांतील तेलामुळें खवट वास येतो. म्हणून चटणी सर्वांत शेवटीं, बावीस तारखेस करावी. रानचा मध लहान कांचेच्या बाटलींत घालावा. बाटली घरचीच, उकळून व वाळवून घेतलेली. थंडींत मध कधीं कधीं खालीं दाणेदार होतो. तो पाहून साखर मिसळली असें पुष्कळांस वाटतें. तेव्हां बाटली कोमट पाण्यांत ठेवावी म्हणजे तो पुन्हां पातळ होतो, असें चिठींत लिहावें. सर्वांत वर नागपुरी संत्र्यांची जोडी. तिच्या रंगापुढें सॅटिनच्या फितीस कोण विचारतो?

ज्या घरांत मधुमेह आहे, आणि सिस्टरबाईंच्या आईस तो आहेच, तेथें लाडू व कुलकुलें निम्मीं करून चटणी दुप्पट घालावी व भाजलेल्या जवसाची पुडी निराळी द्यावी. एवढें लक्षांत ठेवलें कीं घेणारास तें घातलेल्या पदार्थाहून अधिक गोड लागतें.

आमच्या वहींतील एका करंडीचा हिशेब असा: करंडी ८० रुपये, तांदूळ पिशवीसह ३५, मध ४०, लाडू ३०, आवळकाठी २०, कुलकुलें २०, चटणी १०, संत्रीं १५, एकूण २५०. हा हिशेब आम्हीं अभिमानानें वाचून दाखविला तेव्हां आमच्या कुटुंबानें एवढेंच विचारलें, “ह्यांत माझे दिवस कोठें मांडले आहेत?” प्रश्न अगदीं बिनतोड होता. स्वस्त भेटीच्या सर्व हिशेबांत स्वयंपाकघरांतील श्रम फुकट धरलेले असतात, आणि ‘घरीं केलें म्हणून स्वस्त पडलें’ ही पुरुषांची शाबासकी त्या फुकटेपणावर उभी असते. तेव्हांपासून फुलें निवडणें, आवळे फोडणें, पिशव्या शिवणें आणि बुरूडाकडील फेऱ्या हें काम आमच्याकडे आलें आहे. लाडू वळण्याचाहि प्रयत्न चालू असतो. ते गोल होत नाहींत, पण लाडूच असतात. ज्या घरांत हें साधणार नाहीं त्यांनीं करंडींत दोनच पदार्थ घालावेत. सहा पदार्थ करून गृहिणी अंथरुणास खिळावी हें कोणत्याच सणास मान्य नसेल.

काय घालूं नये ह्याविषयींहि बोललें पाहिजे. दिवाळीचा उरलेला फराळ घालूं नये. चिवड्याचें वय लपत नाहीं. देवापुढें नैवेद्य दाखविलेली वस्तु घालूं नये. आपल्या दृष्टीनें तो प्रसाद असला तरी अनेक ख्रिस्ती माणसांस तो घेणें प्रशस्त वाटत नाहीं, आणि नाकारणेंहि अवघड होतें. अशा पेंचांत शेजाऱ्यास घालणें म्हणजे आदर नव्हे. केक पाठविण्याची हौस असलीच तर सुका मेवा मद्याऐवजीं संत्र्याच्या रसांत भिजवावा. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे, तेव्हां तिकडे करंडी पाठविणारानें तर हें विशेष ध्यानांत धरावें.

बांधणीस पारदर्शक वेष्टन नको. लाडू व आवळकाठी पळसाच्या पानांच्या द्रोणांत ठेवून वर दुसरा द्रोण पालथा घालावा व सुतळीनें बांधावें. चटणीस भद्रावतीकडील मातीचें झांकणाचें लहान भांडें मिळालें तर फारच छान. तेथें ग्रामोदय संघानें मातीकामाची चांगली परंपरा उभी केली आहे. करंडीच्या तळाशीं जुन्या धुतलेल्या सुती लुगड्याची घडी घालावी. जड वस्तु खालीं, कुलकुलें वर, संत्रीं सर्वांत शेवटीं. शुभेच्छापत्र विकत घ्यावयाचें तर वरोऱ्याच्या आनंदवनांतलें घ्यावें. बाबा आमट्यांनीं १९४९ सालीं कुष्ठरुग्णांसह उभ्या केलेल्या त्या वसाहतींतील हातांनीं केलेलीं पत्रें सुंदर असतात. नाहीं तर कोऱ्या कागदावर स्वहस्तें लिहावें. आमचें अक्षर आतां कांपतें, तरी बालबोध वळण सुटलेलें नाहीं. चार ओळी लिहावयास अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास आम्ही हिशेबांत धरीत नाहीं.

गेल्या वर्षीं सिस्टरबाईंनीं करंडी परत केली ती रिकामी नव्हती. आंत त्यांच्या परसांतल्या शेवग्याच्या दहा शेंगा व आत्याबाईंसाठीं लोंकरीचे पायमोजे होते, आणि ते कोणीं विणले हें विचारण्याची गरज पडली नाहीं, कारण त्यांच्या आई पलीकडच्या ओसरींत विणीत बसलेल्या आम्हीं महिनाभर पाहिल्या होत्या.

ज्यांस ह्या वर्षीं करंडी करावयाची आहे त्यांनीं मोहफुलें व चारोळी आतांच शोधून ठेवावीं, पुढल्या वर्षाकरितां मात्र चैत्र-वैशाखांतच घ्यावीं. तेव्हां तीं ताजीं असतात व वेंचणाराच्या हातांत थेट पैसे पडतात. करंडी तेवीस तारखेस सायंकाळीं, फार तर चोविसाच्या दुपारपर्यंत पोंचवावी. चोविसाच्या रात्रीं ती मंडळी प्रार्थनेस जातात, घरास कुलूप असतें, आणि ओसरीवर ठेवलेल्या आवळकाठीस मुंग्या लागतात.